अरब देशांत बाईच्या हक्कांविषयी लोकांना मनातून काय वाटतं?

सायली_रियाध
मंडळी, हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय. मी रियाधमध्ये बरीच वर्षं राहते. भारतात कुणाशीही बोलणं निघालं की दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, "तिकडच्या बायकांनाच हक्क नको आहेत." दुसरं, "राजाने फर्मान काढलं म्हणून बदललं, लोकांना कोण विचारतंय?" मला दोन्ही पटत नाहीत, कारण दोन्हींत तिथल्या माणसांना स्वतःचं मत असतं हेच गृहीत धरलेलं नाही.

२०१८-१९ मध्ये अरब बॅरोमीटर या संस्थेने बीबीसी अरबीसाठी १० देश आणि पॅलेस्टिनी भागात २५ हजारांहून जास्त लोकांना प्रश्न विचारले होते. बाई पंतप्रधान किंवा राष्ट्राध्यक्ष झाली तर चालेल का, याला बहुतेक ठिकाणी बहुमताने होकार मिळाला. अल्जीरिया तेवढा अपवाद. पण घरातला शेवटचा निर्णय नेहमी नवऱ्याचाच असावा का, यालाही बहुमताने होकार, आणि त्यात बायकांचंही बहुमत! फक्त मोरोक्कोत हे म्हणणारे निम्म्याहून कमी निघाले.

म्हणजे बाई देश चालवू शकते, पण घर नाही. हे कसं समजून घ्यायचं? तिथे राहिलेल्यांनी, अभ्यास केलेल्यांनी कृपया लिहा. नुसती शेरेबाजी नको.

मस्कतकर
चांगला धागा, सायली. सुरुवातीलाच सांगतो, 'अरब देश' असं एका दमात म्हटलं की गोंधळ होतो. अरब लीगमध्ये २२ देश आहेत. सौदीत बायकांना गाडी चालवायला २४ जून २०१८ पर्यंत बंदी होती, तर इथे ओमानमध्ये मी आलो तेव्हापासून बायका गाडी चालवताना बघतोय. सरहद्द एकच, धर्म एकच. १९७० मध्ये सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा अख्ख्या ओमानात ३ शाळा होत्या आणि तिन्ही मुलांच्या. आज सुलतान काबूस विद्यापीठात मुली मुलांपेक्षा जास्त आहेत. आजी अंगठा लावते आणि नात इंजिनिअर, अशी घरं माझ्या ऑफिसातच दोन-तीन आहेत. त्या आजीला विचारा, नात शिकली याचा तिला केवढा अभिमान आहे. पण लग्न नातीने स्वतः ठरवावं का, असं विचारलंत तर ती हसून विषय बदलेल.

रानवाटा
वाचतेय. खुर्ची घेऊन बसले आहे.

सडेतोड
आपल्याकडे काय दिवे लागलेत? आधी आपलं घर बघावं, मग अरबांचं.

सायली_रियाध
@सडेतोड, घर बघूच. पण मी ज्या शहरात राहते तिथल्या बायकांबद्दल बोलण्यासाठी आधी पुण्याचा हिशोब पुरा करायला हवा, असं मला वाटत नाही.

ट्युनिसप्रेमी
फ्रेंच शिकताना ट्युनिशियाच्या प्रेमात पडलो, तेव्हा त्याबद्दल लिहितो. स्वातंत्र्य मिळून पाच महिने होत नाहीत तोच, १३ ऑगस्ट १९५६ ला, तेव्हाचे पंतप्रधान हबीब बुर्गिबा यांनी कौटुंबिक कायदा बदलला. बहुपत्नीत्व बंद. नवऱ्याने तोंडी तलाक देणं बंद, घटस्फोट फक्त कोर्टात आणि दोघांनाही मागायचा हक्क. १९७३ मध्ये गर्भपात कायदेशीर झाला. १३ ऑगस्टला तिथे आजही महिला दिन असतो आणि सुट्टी असते.

तेव्हा लोकांना विचारलं असतं तर यातलं काही झालं नसतं. पण दोन पिढ्या गेल्या आणि आता बहुपत्नीत्व परत आणा म्हणणारा नेता तिथे निवडून येणं अवघड. म्हणजे कायदा आधी आला, मत मागून आलं.

मग गाडी कुठे अडली? वारसाहक्कात. मुलीला मुलाच्या निम्मा वाटा. २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष बेजी कायद एस्सेब्सी यांनी वकील बोश्रा बेलहाज हमीदा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१८ मध्ये समान वाट्याची शिफारस आली. ऑगस्टमध्ये ट्युनिसच्या रस्त्यावर विरोधकांचा मोर्चा निघाला, दोन दिवसांनी समर्थकांचा. नंतरच्या पाहण्यांत बहुमत विरोधात दिसलं, बायकांमध्येही. विधेयक मंजूर झालंच नाही. अरब जगात सगळ्यांत पुढे समजल्या जाणाऱ्या देशात हे झालं. सायली, तुझ्या कोड्यात ही भर.

कुवेतवाला_जोशी
ट्युनिसप्रेमी म्हणतात त्याला दुसरी बाजू कुवेतची, माझ्या डोळ्यांसमोर घडलेली.

२०२४ मध्ये अमिरांनी बरखास्त करेपर्यंत कुवेतची संसद आखातात सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत भांडखोर होती. १९९९ मध्ये अमिरांनी फर्मान काढून बायकांना मताधिकार दिला. निवडून आलेल्या संसदेने तो फेटाळला, त्याच वर्षी नंतर आलेलं विधेयकही ३२ विरुद्ध ३० मतांनी पडलं. राजा द्यायला तयार आणि लोकप्रतिनिधी नाही म्हणतात, असा प्रकार! शेवटी १६ मे २००५ ला हक्क मंजूर झाला. २००६ च्या निवडणुकीत मतदारांमध्ये बायका पुरुषांपेक्षा जास्त, पण एकही बाई निवडून आली नाही. तेव्हा ऑफिसात सगळे म्हणायचे, "बघा, बायकाच बायकांना मत देत नाहीत."

कारण साधं होतं. तिथलं राजकारण दिवाणियांमध्ये चालतं. दिवाणिया म्हणजे घराच्या दर्शनी भागातली पुरुषांची बैठक. रात्री तिथे चहा-कॉफी, गप्पा आणि मतांची बांधणी. उमेदवार बाई तिथे जाणार कशी? पण पुढच्या निवडणुकांत काही जणी थेट दिवाणियांत जाऊन बसल्या, भाषणं केली, प्रश्न घेतले. २००९ मध्ये चौघी जिंकल्या: मासूमा अल-मुबारक, रोला दश्ती, असील अल-अवादी आणि सलवा अल-जस्सार. त्यातल्या दोघी हिजाब घालत नव्हत्या. त्यांच्याविरुद्ध कुणी कोर्टात गेलं, तर घटनात्मक न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच महिन्यात, ऑक्टोबर २००९ मध्ये, नवऱ्याच्या परवानगीशिवाय पासपोर्ट घेण्याचा हक्कही त्याच न्यायालयाने दिला.

२००६ मध्ये शून्य, २००९ मध्ये चार. तीन वर्षांत लोकांचं मन एवढं बदलतं? मला नाही वाटत. मन आधीच बरंचसं तयार होतं, उमेदवार समोर यायला वेळ लागला.

रानवाटा
जोशीकाका, दिवाणियांचा भाग फार आवडला. पण नंतर काय झालं? २०१२ च्या सुरुवातीला झालेल्या निवडणुकीत चौघींपैकी एकही टिकली नाही ना?

कुवेतवाला_जोशी
बरोबर, शून्य. रस्ता सरळ नाहीच.

आकडेमोड
सायलीच्या मूळ प्रश्नाला रियाधमध्येच एक उत्तर सापडलंय, आणि या विषयावर मी वाचलेल्यांत ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. बुर्स्टीन, गोंझालेझ आणि यानागिझावा-ड्रॉट या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास आहे, २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांनी रियाधमधले १८ ते ३५ वयाचे सुमारे ५०० विवाहित पुरुष गटागटाने बोलावले. एका गटातले सगळे एकाच भागातले, बरेचसे एकमेकांना ओळखणारे. प्रत्येकाला खासगीत विचारलं: बायकांना घराबाहेर नोकरी करू द्यावी, हे तुम्हाला मान्य आहे का? सुमारे ८७ टक्के हो म्हणाले. मग विचारलं: या खोलीतले बाकीचे किती जण हो म्हणतील? तिथे उत्तर आलं सरासरी ६३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ प्रत्येकाला वाटत होतं की मला चालतं, पण शेजाऱ्याला चालणार नाही.

पुढचा भाग तर फारच बोलका आहे. निम्म्या लोकांना खोलीतला खरा आकडा सांगितला, निम्म्यांना नाही. मग सगळ्यांना विचारलं, बायकोचं नाव नोकरी शोधून देणाऱ्या सेवेत नोंदवू का? ज्यांना आकडा कळला नव्हता त्यांच्यात २३ टक्क्यांनी नोंदवलं, ज्यांना कळला त्यांच्यात ३२ टक्क्यांनी. काही महिन्यांनी चौकशी केली तेव्हा दुसऱ्या गटातल्या बायकांनी बाहेरच्या नोकरीसाठी अर्जही जास्त केलेले होते.

म्हणून 'लोकांना काय वाटतं' हा प्रश्न अपुरा आहे. लोकांना काय वाटतं असं लोकांना वाटतं, हेही विचारायला हवं. घराला कुलूप लावतं ते बहुतेक वेळा हे दुसरं.

सायली_रियाध
@आकडेमोड, अंगावर काटा आला वाचून. माझ्या इमारतीत हेच बघितलंय. शेजारीण नोकरीला लागली तेव्हा नवऱ्याने आधी महिनाभर भावांना सांगितलंच नाही. सांगितल्यावर कळलं, एका भावाची बायको आधीपासूनच एका कंपनीचं काम घरून करत होती आणि त्यानेही लपवलं होतं!

आणि तो अभ्यास झाला तेव्हा सौदी बायकांपैकी जेमतेम पाचात एक नोकरीत किंवा नोकरीच्या शोधात होती. पाच-सहा वर्षांत ते प्रमाण एक तृतीयांशाच्या वर गेलं. एवढ्या वेगाने माणसांची मनं उलटत नाहीत. मनं आधीच वळलेली असणार.

विवेकवादी_नाशिक
मला या आकड्यांबद्दल गंभीर शंका आहे. जिथे मत मांडल्याबद्दल तुरुंग होतो तिथल्या मतचाचणीला अर्थ किती? ६ नोव्हेंबर १९९० ला ४७ बायकांनी रियाधमध्ये गाड्या चालवल्या. त्यांचे पासपोर्ट काढून घेतले, नोकऱ्यांवरून निलंबित केलं, मशिदींबाहेर त्यांची बदनामी करणारी पत्रकं वाटली. २०११ मध्ये मनाल अल-शरीफ गाडी चालवून तुरुंगात गेल्या. आणि २०१८ मध्ये बंदी उठायला काही आठवडे बाकी असताना, तीच मागणी वर्षानुवर्षं करणाऱ्या लुजैन अल-हथलूल यांना अटक झाली. सुटल्या फेब्रुवारी २०२१ मध्ये. सरकारचा संदेश स्पष्ट आहे: हक्क आम्ही देऊ, तुम्ही मागायचा नाही. सायलीने सांगितलेल्या पाहणीलाही आखाती सरकारांपैकी अनेकांनी मोकळेपणाने फिरू दिलं नव्हतं.

आकडेमोड
@विवेकवादी, लुजैनबद्दल अक्षरशः सहमत. पण रियाधच्या अभ्यासात ही शंका त्यांनी स्वतःच तपासली आहे. कुणी काय उत्तर दिलं हे संशोधकांनाही कळणार नाही, अशा वेगळ्या पद्धतीने तोच प्रश्न विचारला. आकडा थोडा उतरला, बहुमत कायम राहिलं. आणि मागायला बंदी असली की नेमकं हेच होतं ना? कुणी उघड बोलत नाही, म्हणून प्रत्येकाला आपण एकटेच वाटतो.

दापोलीची_नसीम
बराच वेळ नुसती वाचत होते. आमच्या गावातल्या निम्म्या घरांचा एक पाय आखातात आहे. माझे वडील कुवेतला होते, भाऊ दोह्यात आहे. मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली, वर मस्कतकर म्हणाले ते पुढे नेते. धर्म एकच आणि कायदे निरनिराळे, तर मग सगळं धर्मावर ढकलून कसं चालेल? एका दमात तीन वेळा तलाक म्हटलं तरी तो एकच धरायचा, हा कायदा इजिप्तने १९२९ मध्ये केला. ट्युनिशियाने १९५६ मध्ये तोंडी तलाकच मोडीत काढला. हमीद दलवाई १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत विधान भवनावर गेले, तेव्हा त्या बायका काही परग्रहावरची मागणी करत नव्हत्या. आपल्याकडे तिहेरी तलाकविरुद्ध सुप्रीम कोर्टाचा निकाल यायला २०१७ उजाडलं.

दुसरी, हा धागा वाचून कुणी माझ्याकडे बघून 'बिचारी' म्हणू नका. आणि अरब बायकांकडे बघूनही नको. आमच्या गावात आखातातून आलेला पैसा मुलींच्या शिक्षणाला लागला, त्याच वेळी आखातातून आलेला काळा अबायाही अंगावर चढला. माझी आजी नऊवारी नेसून शेतात जायची. दोन्ही एकाच विमानातून आलं, आणि दोन्हींना आमच्याच लोकांनी मनापासून हो म्हटलं.

मस्कतकर
नसीमताई, शेवटचा परिच्छेद फार मोलाचा. यावर वेगळा लेख लिहा.

डॉ_अनघा
इजिप्तबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, कैरोच्या डॉक्टरांशी परिषदांमध्ये बोलणं होतं.

इजिप्त हा अरब स्त्री-चळवळीचा मोठा देश. १९२३ मध्ये हुदा शारावी यांनी कैरोच्या स्टेशनवर चेहऱ्यावरचा बुरखा काढला. १९५१ मध्ये दोरिया शफीक शेकडो बायकांना घेऊन संसदेत घुसल्या, १९५६ मध्ये मताधिकार मिळाला. आणि त्याच देशात २०१४ च्या आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ९२ टक्के जणींचं जननांग छाटलेलं निघालं. कायद्याने बंदी २००८ पासून आहे, २०१६ आणि २०२१ मध्ये शिक्षा वाढवली. मुस्लिम आणि कॉप्टिक ख्रिश्चन, दोन्ही समाजांत ही प्रथा आहे. त्या पाहणीत निम्म्याहून जास्त बायका म्हणाल्या, प्रथा चालू राहावी.

या आयांना मुलीचा छळ करायचा नसतो. नाही केलं तर मुलीचं लग्न होणार नाही, ही भीती असते. आणि लहान मुलींच्या बाबतीत हे काम बहुतेक वेळा दाईऐवजी डॉक्टर-नर्स करतात. माझ्याच पेशातले लोक! पैसे घेतात आणि 'सुरक्षित केलं' म्हणतात. याचा मला संताप येतो. आकडेमोड यांनी सांगितलेलं तर्कशास्त्र इथेही लागू आहे. प्रत्येक आईला वाटतं की बाकी सगळ्या करणारच. तरुण आयांमध्ये प्रमाण उतरतंय, पण हळू.

तरुण_तुर्क
पण नवी पिढी आली की बदलेल ना सगळं? आता सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे.

ट्युनिसप्रेमी
तसं आपोआप होत नाही. २०१७ मध्ये यूएन विमेन आणि प्रोमुंडो या संस्थांनी इजिप्त, मोरोक्को, लेबनॉन आणि पॅलेस्टाइनमध्ये सुमारे १० हजार स्त्री-पुरुषांची पाहणी केली. तरुण मुली त्यांच्या आयांपेक्षा बऱ्याच पुढे. पण लेबनॉन सोडलं तर तरुण पुरुष त्यांच्या वडिलांपेक्षा फारसे वेगळे नाहीत.

माझा तर्क असा: तिथे लग्नाआधी मुलाने फ्लॅट, सोनं, मेहर उभं करायचं असतं. पदवी आहे, नोकरी नाही, तिशी उलटते. वडिलांना पुरुष म्हणून जो मान आपोआप मिळाला तो याला मिळत नाही, आणि शेजारची मुलगी परीक्षेत पुढे. अशा मुलाला समतेची भाषा ऐकवली की आपल्या ताटातलं काढून घेतायत असं वाटतं. हे समर्थन नाही, पण हे समजून न घेता मोहीम चालवली तर ती फक्त मुलींशीच बोलत राहील.

तरुण_तुर्क
हे आमच्या मराठवाड्यातही तंतोतंत चालू आहे. लग्न जमत नाही म्हणून पोरं चिडलेली.

सडेतोड
तेच तर सांगत होतो, घर बघा म्हणून.

रानवाटा
सडेतोड, आता बरोबर जागी आलात. बसा, चहा घ्या.

मुक्ता_दुबई
थोडं अवांतर वाटेल, पण नाही. आखातातल्या बायकांच्या हक्कांबद्दल बोलताना घरकामाला असलेल्या बायका कुणीच मोजत नाही. फिलिपिन्स, इथिओपिया, श्रीलंका, आपलं आंध्र आणि केरळ. कफाला पद्धतीत त्यांचा व्हिसा मालकाच्या नावावर. मालकाने पासपोर्ट ठेवून घेणं बेकायदा आहे, तरी सर्रास घडतं. सौदी किंवा कुवेती बाई नोकरीला निघते तेव्हा तिच्या बाळाला दुसरी बाई सांभाळत असते, जिचं स्वतःचं बाळ आजीकडे आहे. शिकलेल्या, हक्कांबद्दल छान बोलणाऱ्या मैत्रिणींशी यावर बोलायला गेले की वातावरण गार होतं. हे भारतीय घरांतही होतं, अरब घरांत होतं आणि गोऱ्यांच्या घरांतही.

विवेकवादी_नाशिक
अवांतर अजिबात नाही. धन्यवाद.

कुवेतवाला_जोशी
निराशा फार होतेय म्हणून एक चांगली गोष्ट. बलात्काऱ्याने त्याच मुलीशी लग्न केलं तर शिक्षा माफ, असं कलम बऱ्याच अरब देशांत होतं. 'मुलीची अब्रू वाचते' म्हणून घरचेच ते वापरत. मोरोक्कोत २०१२ मध्ये अशा लग्नात ढकललेल्या १६ वर्षांच्या मुलीने जीव दिला. लोक रस्त्यावर आले आणि जानेवारी २०१४ मध्ये कलम गेलं. २०१७ मध्ये बैरुतच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या रस्त्यावर कार्यकर्त्यांनी पांढरे लग्नाचे पोशाख फासासारखे टांगले. हजारो माणसं रोज तिथून फिरायला जातात. त्याच ऑगस्टमध्ये जॉर्डन आणि लेबनॉन दोघांनीही आपापलं कलम रद्द केलं. इथे मत आधी हललं, कायदा मागून आला. ट्युनिशियाच्या उलट.

विवेकवादी_नाशिक
आणि इराक? १९५९ चा त्यांचा कौटुंबिक कायदा त्या भागातल्या सगळ्यांत प्रागतिक कायद्यांपैकी एक होता. जानेवारी २०२५ मध्ये संसदेने दुरुस्ती करून कौटुंबिक बाबी पंथाच्या नियमांनुसार चालवायची मुभा दिली. इराकी बायका महिनोन् महिने विरोधात रस्त्यावर होत्या. निवडून आलेल्या संसदेने हे केलं. मिळालेलं परत जाऊ शकतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

दापोलीची_नसीम
ट्युनिशियातल्या वारसाहक्काबद्दल वर आलं होतं, त्याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. बायकाही विरोधात का? मला यात नवल वाटत नाही. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा १९९४ मध्ये मिळाला, देशभर २००५ मध्ये. किती हिंदू मैत्रिणींनी घेतला? दुय्यम निबंधकाकडे जाऊन हक्कसोड पत्रावर सही करून येतात. कारण भाऊ तुटला तर माहेर तुटतं. नवऱ्याने हाकललं तर जायचं कुठे?

अरब बाईचं गणित तेच आहे. इजिप्तच्या दक्षिणेकडच्या खेड्यांत कुराणाने दिलेला निम्मा वाटासुद्धा बहिणीला देत नाहीत, जमीन घराबाहेर जाते म्हणून. त्यासाठी २०१७ मध्ये सरकारला वाटा अडवणाऱ्याला तुरुंगाची शिक्षा ठेवावी लागली. पाहणीत 'समान वाटा नको' म्हणणारी बाई कदाचित हक्क नाकारत नाहीये, भाऊ राखतेय.

आकडेमोड
नसीमताई, _/\_. याने सायलीच्या पहिल्या कोड्याचंही उत्तर मिळतं. बाई पंतप्रधान झाली तर मतदाराला घरात काही गमवावं लागत नाही. घरातल्या निर्णयात मात्र भाऊ, नवरा, दीर सगळे समोर बसलेले असतात.

सायली_रियाध
हे मला कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. वारसाचं निघालंच आहे तर लेबनॉनचं सांगते. तिथे फक्त मुली असलेले काही सुन्नी बाप कागदोपत्री शिया होतात, कारण शिया नियमांनुसार मुलगा नसेल तर सगळं मुलींना मिळतं, चुलत्यांना वाटा जात नाही. आयुष्यभर परंपरेची बाजू घेणारा माणूस मुलींसाठी पंथ बदलतो! पाहणीवाल्याने दारात येऊन विचारलं तर हाच बाप कदाचित 'समान वाटा नको' म्हणेल.

ट्युनिसप्रेमी
मोरोक्कोतही हाच प्रश्न आहे. मुदव्वना म्हणजे तिथला कौटुंबिक कायदा. त्यातल्या २००४ च्या सुधारणेनंतर दुसऱ्या फेरीचे प्रस्ताव डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. फक्त मुली असलेल्या घरात चुलत्यांचा वाटा काढून टाकावा ही मागणी उलेमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, परिषदेने मानली नाही, पण बापाने हयातीत मुलींना हवं ते बक्षीस द्यायला हरकत नाही, असा मार्ग दिला. म्हणजे आपल्याकडचं बक्षीसपत्र.

दापोलीची_नसीम
माझ्या वडिलांनी आम्हा बहिणींसाठी तेच केलं होतं. गावात कुणाला सांगितलं नाही. नंतर कळलं की आमच्याच मोहल्ल्यात तसं करणारे आणखी बरेच होते. मोरोक्कोत किंवा लेबनॉनमध्ये राहिलेलं कुणी इथे असेल तर लिहा, तिथले बाप हे उघड सांगतात का?